भीती दाटून आल्यावर बायबल कुठून उघडायचं, कोणत्या क्रमाने वाचायचं

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या कॉटेज मिटिंगला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, दर महिन्याला कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं. ताई, रात्री छातीत धडधडतं, बायबल उघडते, वाचते, तरी काही होत नाही, माझा विश्वासच कमी आहे का? मग मी विचारते की नेमकं काय केलंस ते क्रमाने सांग, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: रात्री तीनला उठून मोबाईल हातात घेतला, "भीतीवर वचने" असं शोधलं, वीस वचनं भराभर वाचली, प्रत्येकात "भिऊ नको" होतं, आणि तरीही भीती होतीच, म्हणून आता वर अपराधीपणा. म्हणजे एका भीतीच्या दोन झाल्या.

चूक विश्वासात नसते, क्रमात असते. तयारी शांत दिवशी करायची असते ती कुणी करत नाही आणि शेवटी करायचं ते सगळे आधी करतात. तुम्ही नाशिकरोडच्या बाळ येशूच्या कॅथलिक चर्चला जाणारे असा नाहीतर शरणपूरच्या प्रोटेस्टंट मंडळीतले, क्रम तोच आहे.

आधी एक सावधानता: छातीत दाब, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, घाम, दम लागणं असं पहिल्यांदाच होत असेल तर ते टेन्शन आहे असं घरच्या घरी ठरवू नका. १०८ ला फोन करा, दवाखान्यात जा, ईसीजी काढा. प्रार्थना रिक्षात पण होते.

## तयारी: ही शांत दिवशीच करायची

पूर आल्यावर गोदाकाठचा दुकानदार माळ्यावर जागा करत बसत नाही, जागा आधीच केलेली असते म्हणून माल वाचतो. हे पण तसंच आहे. घाबरलेल्या डोक्याला नवीन काही शोधता येत नाही, आधी ठेवलेलं तेवढंच सापडतं. म्हणून एखाद्या रविवारी दुपारी तासभर काढा आणि एवढं करून ठेवा.

कागदाचं बायबल. मोबाईलमधलं नको. मोबाईलवर वचनाच्या वरती बातमीचं नोटिफिकेशन येतं, बँकेचा मेसेज येतो, आणि ज्या गोष्टीची भीती तीच पुन्हा समोर येते. मोठ्या अक्षराचं घ्या, आणि चष्मा लागत असेल तर तो बायबलच्या शेजारीच ठेवा. हे किरकोळ वाटेल पण रात्री तीनला चष्मा शोधताना माणूस अर्धा तास घाबरत बसतो, मी बसलेली आहे.

एक वही. साधी शंभर पानी.

तीनच उतारे. वीस नाही, तीन. माझे आहेत स्तोत्र २३, फिलिप्पैकरांस पत्राचा ४ था अध्याय ४ ते ९ वचनं, आणि १ राजे १९ मधला एलीया संदेष्ट्याचा भाग. यात कागदाची खूण घालून ठेवा. तुमचे वेगळे असतील तर चालेल, फक्त अख्खा उतारा असावा, सुटं वचन नको.

स्तोत्र २३ पाठ. सहाच वचनं आहेत, रोज एक, आठवडा पण लागत नाही. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं असलं तरी परत मोठ्याने म्हणून बघा, बहुतेकांचं चौथ्या वचनापाशी अडतं आणि नेमकं तेच लागणार असतं.

एक माणूस. घाबरल्यावर कुणाला फोन करायचा हे आज ठरवा आणि त्या माणसाला आजच विचारा, "रात्री अवेळी फोन केला तर चालेल का?" आधी विचारलेलं असलं की त्या वेळी संकोच आड येत नाही.

तपासा: लाईट न लावता, हात लांब करून वही, चष्मा आणि बायबल सापडतंय का? नसेल तर जागा बदला.

## टप्पा १: आधी शरीर, मग शास्त्र

हा टप्पा लोकांना अध्यात्मिक वाटत नाही म्हणून ते उडी मारून पुढे जातात. पण १ राजे १९ उघडून बघा. एलीया ईजबेल राणीला घाबरून पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला की आता मरण दे. देवाने त्याला काय दिलं? प्रवचन नाही, रागावणं पण नाही. झोप दिली, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, मग परत झोप, मग परत भाकर-पाणी, आणि देवदूत म्हणतो की वाट तुला फार लांबची आहे. होरेब डोंगरावरचं देवाचं ते मंद वाणीचं बोलणं याच्या नंतर आहे, चाळीस दिवस चालून गेल्यावर. क्रम बघा.

तर करायचं काय:

१. उठून बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा. मी किचनच्या फरशीवर बसते, ओट्याच्या कडेला पाठ टेकून, गार फरशी तळव्यांना लागली की डोकं थोडं खाली येतं.

२. पाणी प्या, घोट घोट.

३. श्वास नाकाने आत, तोंडाने बाहेर, बाहेरचा जास्त लांब. आत घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. असे दहा-बारा श्वास. पाठ असेल तर श्वास सोडताना "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढंच म्हणा, बाकी स्तोत्र नंतर.

४. घड्याळ बघून वेळ वहीत लिहा. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखरावर जातो आणि मग उतरतो. वेळ लिहिलेली असली की उतार डोळ्यांना दिसतो.

नेहमीची चूक: हात थरथरत असताना वाचायला घेणं. अक्षरं दिसतात, अर्थ आत जात नाही, आणि मग "वचन पण काम करेना" अशी नवी भीती बसते. संध्याकाळी सहानंतरचा तिसरा चहा आणि रात्रीच्या बातम्या हे पण याच टप्प्यात धरा, दोन्ही बंद करून आठवडाभर बघा.

## टप्पा २: भीती एका वाक्यात लिहा

"टेन्शन आलंय" हे वाक्य नाही. "सगळं अवघड झालंय" हे पण नाही. वाक्यात माणूस, गोष्ट आणि दिवस आला पाहिजे. आमच्या मिटिंगला निफाडकडचे एक काका येतात, द्राक्षाचा बाग आहे, फेब्रुवारीत ढग आले की त्यांना झोप नाही. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं "पावसाची भीती". मी म्हटलं काका, पाऊस आला तर काय? मग लिहिलं, "माल तडकला तर सोसायटीचं कर्ज मार्चात भरता येणार नाही आणि भावासमोर मान खाली जाईल." ते स्वतःच त्या शेवटच्या चार शब्दांकडे बघत बसले, कारण पावसाच्या आड भाऊ लपलेला होता हे त्यांना त्या दिवशी कळलं.

वाक्य लिहिलं की त्याखाली उभी रेघ मारून दोन भाग करा. डावीकडे आत्तापर्यंत खरंच घडलेलं, उजवीकडे मनात घडवलेलं. उजवीकडचं खोटं आहे असं नाही, ते अजून आलेलं नाही एवढंच. "उद्याची चिंता उद्याला" हे मत्तय ६:३४ मधलं म्हणणं याच रेघेबद्दल आहे, आणि तिथेच पुढे ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे असंही आहे. म्हणजे आजचं दुःख आहे हे येशूने नाकारलेलं नाही.

सावध: भीती लिहिणं म्हणजे अविश्वास असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पकडलं जायच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने स्वतः शिष्यांना सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. त्याने लपवलं नाही, तुम्ही का लपवता.

## टप्पा ३: वाचताना "कारण" शोधा

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच टप्प्यावर.

आपल्या मराठी बायबलमध्ये "भिऊ नको" जिथे जिथे येतं तिथे बहुतेक वेळा लगेच पुढे एक छोटा शब्द असतो, कारण. यशया ४१:१० घ्या, "तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे." १ पेत्र ५:७, सर्व चिंता त्याच्यावर टाका, "कारण तो तुमची काळजी घेतो." स्तोत्र २३:४, भिणार नाही, "कारण तू माझ्याबरोबर आहेस." आपण पहिला अर्धा भाग हुकूम म्हणून वाचतो, तो पाळायला जातो, जमत नाही, आणि हरतो. सांत्वन मात्र दुसऱ्या अर्ध्यात आहे. लहान पोराला अंधारात आई म्हणते "घाबरू नको, मी आहे ना", तेव्हा पोराला धीर येतो तो "मी आहे ना" ने.

म्हणून असं वाचा:

पहिल्यांदा अख्खा उतारा मोठ्याने, सावकाश, आवाज स्वतःच्या कानावर पडेल असा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन "कारण" किंवा तशा अर्थाचं जे असेल त्याखाली रेघ. फिलिप्पै ४ मध्ये "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे सहावं वचन सगळ्यांच्या भिंतीवर असतं, पण त्याच्या अगदी आधी, पाचव्याच्या शेवटी आहे "प्रभू समीप आहे". तेच कारण आहे, आणि तेच कॅलेंडरवर छापताना गळतं! आणि हे पत्र प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलंय हेही डोक्यात ठेवून वाचा, मग आवाज बदलतो. तिसऱ्यांदा, टप्पा २ मधलं तुमचं वाक्य शेजारी ठेवून वाचा.

स्तोत्र २३ मध्ये अजून एक गोष्ट आहे जी मला किती वर्षं दिसलीच नव्हती. पहिली तीन वचनं देवाबद्दल बोलतात, तो मला बसवतो, तो मला नेतो. चौथ्या वचनात अंधारी दरी आली की "तो" चा एकदम "तू" होतो. हिरवळीवर असताना माणूस देवाविषयी बोलतो आणि अंधारात देवाशी. माझ्या सासूबाईंच्या जुन्या बायबलात त्या "तू" भोवती निळ्या शाईचा गोल आहे, शाई पसरलीय, त्या वेळी त्यांच्यावर काय वेळ आली होती ते आम्हाला कधी कळलं नाही.

चुका इथे सगळ्यात जास्त होतात, म्हणून एकेक सांगते.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, हे करू नका. वंशावळीवर बोट पडलं तर निराश होता आणि शापाच्या वचनावर पडलं तर रात्रभर थरथरता, दोन्ही मी पाहिलेत.

बायबलमध्ये "भिऊ नको" बरोबर ३६५ वेळा आहे, दिवसाला एक, असा मेसेज फिरतो. मोजून बघितलं तर तेवढं भरत नाही. आणि भरलं असतं तरी काय, आकड्याने धीर येत नाही. ज्याला आज तो मेसेज धरून उभं राहायचंय त्याला उद्या कुणी खोटं ठरवून दाखवलं तर तो पडेल, म्हणून पुढे पाठवू नका.

यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, हे वचन लोक नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री वाचतात. वाचा, पण दहावं वचन पण वाचा, तिथे सत्तर वर्षं म्हटलंय. ते बंदिवासात गेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, त्यात घरं बांधा, मळे लावा असं सांगितलंय. लवकर सुटका होईल असा निरोप त्यात नव्हता. हे कळल्यावर मला ते वचन जास्त मजबूत वाटलं.

आणि १ योहान ४:१८, पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे वचन घाबरलेल्या माणसाला मारायची काठी करू नका. तिथे विषय न्यायाच्या दिवसाचा आणि शिक्षेच्या भीतीचा आहे. रुग्णालयाच्या रिपोर्टची भीती वाटणाऱ्या बाईला "तुझी देवावर प्रीती कमी" असं सांगणं हा त्या वचनाचा अर्थच नाही.

तपासा: बायबल मिटा. वाचलेल्यातलं "कारण" स्वतःच्या बोलीत एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर परत एकदा वाचा, पुढचा उतारा उघडू नका.

## टप्पा ४: प्रार्थना, मोघम नको

"प्रभू, शांती दे" एवढ्यावर थांबू नका. फिलिप्पै ४:६ मध्ये "आपली मागणी देवाला कळवा" असं आहे. मागणी म्हणजे बँकेच्या अर्जात लिहितो तशी, काय, कुणासाठी, कधीपर्यंत. टप्पा २ चं वाक्य घ्या आणि तेच देवाला वाचून दाखवा.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ चा साचा वापरा, ते पण सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत गाऱ्हाणं, किती वेळ, किती वेळ असं. पुढच्या दोनात मागणी. शेवटच्या दोनात भरवसा. वहीत तीन परिच्छेद करा आणि तुमचं गाऱ्हाणं तुमच्या भाषेत लिहा, आईला सांगाल त्या भाषेत. हे परमकृपाळू पित्या वगैरे उपासनेची भाषा आली नाही तरी चालेल.

आभार विसरू नका पण ते सजवू पण नका. आज खरंच मिळालेलं एक सांगा, पोराचा ताप उतरला, पाणी वेळेवर आलं.

रोज तीच प्रार्थना करावी लागते म्हणून लाजू नका. गेथशेमानेत येशूने तिसऱ्यांदा पण त्याच शब्दांत प्रार्थना केली असं मत्तय २६:४४ मध्ये आहे.

"टाका" या शब्दाबद्दल एक. पेत्राच्या पत्रात चिंता "टाकण्या"साठी जो मूळ ग्रीक शब्द आहे तोच लूक १९:३५ मध्ये आलाय, शिष्यांनी आपले कपडे शिंगरावर टाकले तिथे. म्हणजे फेकून देणं नाही, आपल्या अंगावरचं दुसऱ्याच्या पाठीवर ठेवणं. चिंता गायब होत नाही, ती वाहणारा बदलतो. मी प्रार्थनेच्या शेवटी वही बायबलच्या खाली सरकवते, वर नाही. हाताला काहीतरी करायला दिलं की मन पण सोडतं.

नेहमीची चूक: सौदा. एवढं कर, मी चाळीस दिवस उपास धरते. भीतीत केलेला सौदा दुसऱ्या दिवशी स्वतःच भीती होतो. उपास करायचा तर शांत मनाने, वेगळा करा.

## टप्पा ५: दिवस उजाडल्यावर एक पाऊल

हा टप्पा गाळला तर वरचे चारही महिनाभरात कोरडे पडतात. भीतीपासून जितकं लांब राहू तितकी ती वाढते.

द्वारका चौकात एका ट्रकने माझ्या स्कूटीला घासलं, लागलं फार नाही, पण त्यानंतर मला स्कूटीची चावी हातात धरवेना. चार महिने मी रोज प्रार्थना करत होते की भीती जाऊ दे आणि रोज रिक्षाने जात होते. मग यहोशवा ३ मधलं इस्राएल लोकांचं नदी ओलांडणं वाचताना लक्षात आलं की यार्देन नदी दुथडी भरून वाहत होती आणि याजकांचे पाय पाण्याला लागल्यावर पाणी थांबलं, आधी नाही.

मग मी असं केलं. पहिले काही दिवस पार्किंगमध्ये बंद स्कूटीवर नुसतं बसायचं, हेल्मेट घालून, स्तोत्र २३ पूर्ण होईपर्यंत. मग त्रिमूर्ती चौकापर्यंत आणि परत. हे रोज, कंटाळा येईपर्यंत. मग रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना मुंबई नाका. द्वारका सगळ्यात शेवटी, मागे नवरा बसलेला. दोन महिने लागले. हात तेव्हाही घामेजले होते.

तुमची पायरी तुम्ही आखा. रिपोर्टची भीती असेल तर आज फक्त पाकीट फाईलमध्ये लावणं. कर्जाची असेल तर आज फक्त आकडा लिहिणं.

सावध: पायरी चढताना घाबरून मध्येच उतरू नका. भीती थोडी खाली येईपर्यंत थांबा, मग उतरा. अगदीच जमलं नाही तर पायरी मोठी होती, दुसऱ्या दिवशी अर्धी करा.

## टप्पा ६: माणसाला सांगा, गरज असेल तर डॉक्टरला

२ करिंथ ७ मध्ये पौल सांगतो की बाहेर भांडणं होती, आत भीती होती, आणि मग देवाने सांत्वन केलं, कसं, तर त्याचा सोबती तीत याच्या येण्याने. पौलासारख्या माणसाला दर्शन मिळालं नाही, मित्र मिळाला. तुम्हाला पण माणूस लागणार, त्यात कमीपणा नाही.

फोनवर काय बोलायचं ते ठरवून ठेवा: "मी घाबरलेय, उपदेश नको, दहा मिनिटं ऐक आणि स्तोत्र २३ माझ्याबरोबर म्हण." आणि जो ऐकणारा असेल त्याने खरंच तेवढंच करावं. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थना विनंती म्हणून सगळं उघडं करू नका, दोनशे हात जोडलेले इमोजी येतात आणि फोन एकाचाही येत नाही.

डॉक्टरकडे कधी? दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलं असेल, झटके परत परत येत असतील, कामाला किंवा कॉलेजला जाणं बंद झालं असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल. शेवटचं असेल तर आजच, थांबायचं नाही. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पण मानसोपचार विभाग आहे.

गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, असं मला पण एकदा एका पाळकाने (पास्टरने) तोंडावर सांगितलं होतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असंच कुणाचं ऐकून गोळ्या एका दिवसात बंद केल्या आणि तिचे पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. गोळी कमी करायची ती डॉक्टरच्या सांगण्यानेच, हळूहळू. पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, "देवाने भित्रेपणाचा आत्मा दिला नाही" असं लिहितो आणि त्याच तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असंही लिहितो, आणि लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो. दोन्ही एकाच माणसाच्या पत्रांत आहे.

## रोजचं, आणि न जमलेल्या रात्रीचं

रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण एकच वेळ ठेवा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडणाऱ्यांनी गाडीत बसल्यावर, पोरांचे डबे करणाऱ्यांनी शाळेची व्हॅन गेल्यावर. एक उतारा आठवडाभर तोच. दर शनिवारी वही मागे उलटून बघा, दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या उजव्या भागातलं किती खरंच घडलं त्यावर खूण करा.

काही रात्री यातलं काहीच चालणार नाही. श्वास, वाक्य, वाचन, सगळं केलं तरी छाती हलकी होत नाही. त्या रात्रीसाठी वहीच्या शेवटच्या पानावर "स्तोत्र ८८" एवढं लिहून ठेवा. ते स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि शेवटचा शब्दही अंधाराचाच आहे, शेवटी भरवशाची ओळ नाही. तरीही ते प्रार्थनेच्याच पुस्तकात आहे. ते मोठ्याने वाचा, खाली तारीख टाका, आणि सकाळी सात वाजता ठरवलेल्या माणसाला फोन करा.